नाव इथं, लेकरू तिथं

परवा ३० सप्टेंबरचा पट ऑनलाइन भरला. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवीची, मुलं ७१. त्यांतल्या ३८ जणांचे आईबाप कारखान्याला जातात. आमच्या भागात 'ऊसतोडीला जातात' असं फारसं कुणी म्हणत नाही, 'कारखान्याला जातात' असंच म्हणतात. यंदा गाळप १ नोव्हेंबरपासून म्हणतायत. म्हणजे दिवाळी सरते न सरते तोच ट्रॅक्टर वस्तीवर येऊन उभे राहतील आणि या ३८ जणांतली निम्मी तरी लेकरं ट्रॉलीत गोधड्या-भांड्यांच्या मधे बसून निघून जातील. पटावर मात्र ७१ राहतील.

त्या आकड्यावर शाळेतली शिक्षकांची पदं ठरतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक याची सरकारी मंजुरी, त्याच पटावर होते. आणि ही तारीख नेमकी लोक निघायच्या महिनाभर आधी येते. यात माझाही वाटा आहे, तो आधीच सांगून टाकते. नाव काढलं तर एक पद जाण्याची भीती असते, आणि काढलं तर लेकरू कुठेच राहत नाही हीसुद्धा भीती असते. म्हणून लेकरू गेलं तरी आम्ही नाव ठेवतो. वर्षानुवर्षं मीही ठेवलं. पण गेल्या वर्षापासून एक गोष्ट मला काही सुचू देत नाही. आमच्या लोकांच्या शिक्षणाचं आणि दवाखान्याचं जे जे काही अडतं, ते सगळं याच एका ठिकाणी अडतं. नाव इथं असतं आणि माणूस तिथं असतं.

बीड जिल्ह्यातला बालाघाटचा डोंगरपट्टा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मुरमाड, उताराची रानं, पाऊस पडला तर बाजरी-सोयाबीन, नाही पडला तर काही नाही. यंदा सप्टेंबरात पाऊस असा काही कोसळला की उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. या वर्षी घरीच राहू म्हणणाऱ्या दोन-तीन घरांनीही मग मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्याला नेणाऱ्याकडून, उचल घेतली. उचल म्हणजे आगाऊ पैसे. ती घेतली की नवराबायको मिळून 'एक कोयता' होतात. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. लग्नाला उभ्या असलेल्या पोराच्या बापाला विचारतात, कोयते किती? पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. आजारपणानं किंवा बाळंतपणानं दिवस मोडला तर तो 'खाडा', आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशोबात कापले जातात.

मी याच घरातली आहे. माझे आईवडील वीस-बावीस हंगाम कारखान्याला गेले. मी त्यांच्याबरोबर कधी गेले नाही, याचं कारण लोक मला विचारतात तेव्हा त्यांना वाटतं की घरात कुणीतरी शिक्षणाचं महत्त्व जाणणारं असणार. तसं काही नव्हतं. आज्जीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला चूल पेटवता येत नव्हती, आडावर जाता येत नव्हतं. तिच्या हाताशी कुणीतरी पाहिजे म्हणून सहा वर्षांच्या मला तिच्यापाशी ठेवलं. सकाळी भाकरी करायची, तिला अंगणात बसवायचं, आणि मग करायला काही नसायचं म्हणून मी शाळेत जायचे. गुरुजींनी नाव घातलं. आज्जीचे डोळे वेळेत झाले असते तर तिनं एकटीनं घर सांभाळलं असतं, आणि मी फडात, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, गेले असते. माझा धाकटा भाऊ फडातच वाढला. तिसरीच्या पुढं तो शाळेत टिकला नाही. दरवर्षी मार्चअखेर परत यायचा तेव्हा वर्ग पुढं गेलेला असायचा, आणि एका वर्षी तो वर्गाच्या दारात उभा राहून तसाच मागं फिरला. आता तो आणि वहिनी एक कोयता आहेत.

म्हणून गेल्या वर्षी माझ्या शाळेतल्या एका पोरीचा बाप मला म्हणाला, "बाई, पोराला ठिवतो, पोरीला नेतो," तेव्हा माझा आवाज चढला. इथं मी तिला सोनी म्हणते, तिचं खरं नाव वेगळं आहे. पाचवीत होती. भाऊ तिसरीत. घरात आठ महिन्यांचं तान्हं. बाप शांतपणे म्हणाला, "लहान लेकराला फडात कोण बघंल? तुमीच सांगा." मी सांगितलं ते हंगामी वसतिगृहाचं. त्यावर तो काहीच बोलला नाही, कारण दोघांनाही माहीत होतं की वसतिगृह सोनीला सांभाळेल, तान्ह्याला नाही.

हंगामी वसतिगृह हे नाव ऐकून खोल्या, खाटा डोळ्यांपुढं येतील, म्हणून सांगते. आमच्याकडे ते म्हणजे लेकरांनी गावातच आज्जी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहायचं आणि दोन वेळा शाळेत जेवायचं. चालवते शाळा व्यवस्थापन समिती. ही योजना चांगली आहे, मी ती मनापासून राबवते, संध्याकाळच्या पंगतीला स्वतः थांबते. तिच्यामुळे कितीतरी पोरं शिकली. पण गेल्या वर्षी मंजुरीचं पत्र हातात आलं तेव्हा ट्रॅक्टर जाऊन तीन आठवडे झाले होते. बापानं लेकरू ठेवायचं की न्यायचं हे ट्रॅक्टर यायच्या आदल्या रात्री ठरवायचं असतं. त्या रात्री मी त्याला "मंजुरी येईलच" एवढंच म्हणू शकते. आणि ज्याच्या घरी म्हातारं माणूसच नाही, त्याचं लेकरू कुणाकडे झोपणार? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. मोठ्या पोरींना ती लागू पडतात, दोघींना मी स्वतः नेऊन सोडलंय. सोनीचा प्रश्न मात्र पाळण्याचा होता. फडाच्या कडेला एखादी अंगणवाडी, एक पाळणा, सांभाळणारी एक बाई असती तर सोनी गावात राहिली असती. सहा महिन्यांची शाळा एका पाळण्यापायी जाते, हे मी दरवर्षी पाहते, आणि जाते ती कायम पोरीचीच.

मी तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. स्थलांतर होणाऱ्या मुलांसाठी हे कार्ड असतं, मूल कुठल्या वर्गात आहे, त्याला काय काय येतं हे त्यावर लिहायचं. ते दाखवलं की तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं. कायदाही तेच सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून कुठल्याही शाळेला मूल नाकारता येत नाही. हे मी सोनीच्या बापाला दोनदा वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली आणि कार्ड आईच्या हातात दिलं.

जानेवारीत, संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी मी आणि माझे मिस्टर मोटरसायकलवर तिकडे गेलो. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात. माझ्या वर्गातली सहा लेकरं एकाच टोळीत होती, त्यांना बघायचं होतं. दुपारी पोहोचलो. माळावर पंधरा-वीस कोप्या, बांबूच्या कामट्या वाकवून वरून ताडपत्री आणि उसाचं पाचट टाकलेलं. सगळ्या कोप्यांवर मिळून एकही मोठं माणूस नव्हतं. कुत्री, दोन शेळ्या, आणि लेकरं. सोनी बाहेर दगडावर तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या चुलीवर भात शिजत होता. मला बघून उठली, मग काय करावं ते न सुचून परत बसली. "बाई, पाणी देऊ का?" असं तिनं अगदी बाईमाणसासारखं विचारलं. दहा वर्षांची पोर.

शाळा कुठाय विचारलं तर तिनं बोट केलं. दीड-दोन किलोमीटर, मधे डांबरी रस्ता, त्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या. ती आठ-दहा दिवस गेली होती. तिथल्या गुरुजींनी बसवून घेतलं होतं, त्याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद. पुस्तकंही दिली होती. पण ऑनलाइन तिचं नाव आमच्या शाळेत असल्यामुळे तिथं ती पाहुणीच. हजेरी वेगळ्या वहीत. तान्हं रडायला लागलं की शेजारची पोरगी तिला वर्गातून बोलवायला यायची. मग तिनंच जाणं सोडलं. "तिथली पोरं कोयती म्हणतेत," असंही ती म्हणाली, खाली बघून. आमच्यातल्या काही टोळ्या कर्नाटकात जातात, तिथल्या लेकरांचे हाल याहून वाईट. शाळा सापडली तर ती कानडी.

सूर्य मावळल्यावर आईबाप आले. आई, तिला मी ताई म्हणते, डोक्यावर जनावरांसाठी वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन. ती पहाटे चारला गेलेली. रात्री गाडी आली की पुन्हा जायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मी त्या फळीकडे नीट पाहिलं. वीतभर रुंद, ओली, एका टोकाला चिखल. तिच्यावरून तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन बाई चढते. पाळी असली तरी चढते आणि पोटुशी असली तरी चढते. बाईनं मोळी वाहिली नाही तर कोयता अर्धा होतो.

ताईनं कोपीत कोपऱ्याला टांगलेली एक कॅरीबॅग काढली. तिला दोन गाठी मारलेल्या. ती सोडून तिनं एकेक कागद माझ्यापुढं ठेवला. आधार कार्डांच्या झेरॉक्स, रेशनकार्ड, माझं शिक्षण हमी कार्ड चार घड्या घातलेलं, तान्ह्याचं लसीकरणाचं कार्ड, आणि एका दवाखान्याची फाइल. तिला वाचता येत नाही. सगळे कागद तिनं सारख्याच जपणुकीनं ठेवले होते, कोणता कधी लागेल ते माहीत नाही म्हणून.

तान्ह्याचं कार्ड पाहिलं. नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलेला, लेकरू दहा पूर्ण करून अकराव्यात. लस कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते, कार्डही जवळ आहे, मग राहिला का? तिथल्या आशाताईंना फोन लावला. बिचारीनं सगळं खरं सांगितलं. ती दोनदा येऊन गेली होती, दुपारी बारा वाजता. कोपीवर लेकरं होती, आई नव्हती. आईशिवाय दहा वर्षांच्या पोरीच्या मांडीवरच्या बाळाला सुई कशी टोचणार? आणि आई बारा वाजता फडात. मी म्हटलं, आशाताई, सहानंतर येता येईल का? ती म्हणाली, "सिस्टरला विचारते." दुसऱ्याच आठवड्यात सिस्टर आणि ती संध्याकाळी सातला कंदील-बॅटरी घेऊन कोप्यांवर आल्या आणि एका संध्याकाळी नऊ लेकरांचं लसीकरण झालं, असा मला सोनीच्या बापाचा फोन आला. याला वेगळा पैसा लागला नाही. फक्त वेळ दुपारची संध्याकाळ केली. त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही. पण हे दोन चांगल्या बायकांच्या मनावर का असावं? गाळपाच्या हंगामात कोप्यांवरचं लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, अंगणवाडीचा आहार, हे दिवे लागल्यावरच व्हायला पाहिजे असा साधा आदेश का निघू नये?

मग दवाखान्याची फाइल. ताईचं वय एकोणतीस. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, ओटीपोटात कळा येतात. जवळच्या एका खाजगी डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं की गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ताई मला अगदी सहज म्हणाली, "काढूनच टाकावं म्हनते बाई. तीन लेकरं झाली. दर महिन्याची कटकट बी जाईल, खाडा बी पडायचा न्हाई."

माझ्या मायची पिशवी एकोणतिसाव्या वर्षीच काढली. १९९८ साल. तिलाही पांढरं जात होतं, तिलाही कॅन्सरचीच भीती घातली होती. पैसे मुकादमानं दिले, ते पुढच्या दोन हंगामांत फिटले. ऑपरेशननंतर महिन्याच्या आत ती मोळी उचलत होती. तिशीतच तिच्या अंगाची आग व्हायला लागली, चिडचिड, झोप नाही, हाडं दुखायची. घरातल्यांना वाटायचं ही ढोंग करते. मी शिक्षिका झाल्यावर, एका आरोग्य शिबिरात डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, तेव्हा मला कळलं की पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले होते आणि तिशीतच तिची पाळी कायमची गेल्यावर शरीराचं जे होतं ते तिचं झालं होतं. आज ती छप्पन वर्षांची आहे. अंगणातून उठताना भिंत धरून उठते. तिला झालेला आजार तेव्हा गोळ्यांनी बरा होण्यासारखा होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण कुणी गोळ्या देऊनच पाहिल्या नाहीत.

२०१९ मध्ये या विषयाची वर्तमानपत्रांतून खूप चर्चा झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. या १३,८६१ मध्ये माझी माय आहे का, मला माहीत नाही. ती तोवर कारखान्याला जायची थांबली होती, बहुतेक मोजली गेली नसेल. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात नियम आला की खाजगी दवाखान्यानं गर्भाशय काढायचं तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. चांगला नियम आहे. पण ताईचा दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात होता. आमच्या जिल्ह्याचा नियम तिथं कुणाला दाखवायचा? नाव इथं, दुखणं तिथं.

मी त्या रात्री ताईला माझ्या मायची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, अंगाच्या आगीसकट. ती ऐकत होती आणि हातानं तान्ह्याला थोपटत होती. मी एवढंच मागितलं की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत थांब, परत आलीस की मी तुला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते, तिथं मॅडम म्हणाल्या काढा तर काढू. "तवर दुखलं तर?" तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, शाळा होती. मी परत आले.

मार्चअखेर पट्टा पडला, लोक आले. एप्रिलमध्ये परीक्षा. २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, पास झालं नाही तर जूनमध्ये पुन्हा बसायचं. साडेचार महिने शाळेबाहेर असलेलं लेकरू आल्या आल्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षेला बसतं. सोनी गणितात आणि इंग्रजीत राहिली. मे महिनाभर ती रोज सकाळी माझ्या घरी यायची, तान्ह्याला कडेवर घेऊन. ते आता चालायला लागलं होतं. माझी माय त्याला अंगणात खेळवायची आणि मी सोनीला अपूर्णांक शिकवायचे. तिला भागाकार येत नव्हता, पण टनाचा हिशोब तोंडी यायचा. बाप रात्री गाडीची चिठ्ठी आणून तिच्याकडूनच वाचून घ्यायचा, त्यातून आलं. मी तिथूनच धरलं. अठरा टन ऊस सहा कोयत्यांत वाटा, एकाला किती? तिनं क्षणात सांगितलं. मग तोच भागाकार कागदावर मांडला. जूनमध्ये ती पास झाली. हे मी अभिमानानं लिहिते, पण त्या टोळीतली बाकीची पाच लेकरं मे महिन्यात माझ्याकडे आली नाहीत, त्यांना मी वर्गात कसं ओढून आणते ते माझं मला माहीत.

मेमध्येच ताईला उपजिल्हा रुग्णालयात नेलं. पहिल्या खेपेला सोनोग्राफीचे डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला रांग, तिसऱ्या खेपेला झालं. तिन्ही वेळा जीपचं भाडं आणि तिची एक दिवसाची खुरपणीची मजुरी गेली. सरकारी दवाखाना मोफत असतो असं आपण म्हणतो, तेव्हा हे भाडं आणि ही मजुरी कुणी धरत नाही. तिथल्या बाई डॉक्टरांनी मात्र तिला नीट तपासलं, दारं लावून, वेळ देऊन. पिशवीला काही झालेलं नव्हतं. जंतुसंसर्ग होता, जुना, आणि रक्त कमी, हिमोग्लोबिन आठ. फडात ना संडास ना न्हाणी, तोच कपडा धुऊन आडोशाला वाळत घातलेला, उन्हात वाळायला लाज. त्यातून हे होतं, असं त्यांनी ताईला समजावलं. दोघा नवराबायकोला गोळ्या दिल्या. नवरा आधी घेईना, "मला काय झालंय?" म्हणाला. बाई डॉक्टरांनी त्याला आत बोलावून पाच मिनिटं काय सांगितलं देव जाणे, पण त्यानं कोर्स पूर्ण केला. जुलैपर्यंत ताईचं पोट दुखायचं थांबलं. पिशवी जागेवर आहे.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असा त्याचा निधी ठरलेला आहे. मला त्यातून मोठं काही नको. कोप्यांच्या प्रत्येक तळावर एक पाळणाघर पाहिजे, फिरते संडास आणि न्हाणीघर पाहिजे, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी तिथं येणारी नर्स पाहिजे. टोळी कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात आहे हे मुकादमाला माहीत असतं आणि कारखान्यालाही, कारण उसाची गाडी एक तास चुकलेली त्यांना चालत नाही. मग तीच यादी तिथल्या शाळेकडे आणि आरोग्य केंद्राकडे का जात नाही? ग्रामपंचायतीचं मतदान हंगामात आलं की कारखान्यावरून माणसं आणायला गाड्या जातात. कोण कुठल्या माळावर आहे ते तेव्हा बरोबर सापडतं.

आणि पटाबद्दल माझं म्हणणं असं आहे की लेकरू दोन्हीकडे मोजा. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तिथल्या गुरुजींकडे, म्हणजे त्यांनाही त्या लेकरासाठी माणूस आणि पुस्तक मिळेल आणि ते वेगळ्या वहीत राहणार नाही. मी हे केंद्रप्रमुखांना सांगितलं, शिक्षण परिषदेत बोलले. ऐकून घेतात. मी पुन्हा बोलणार आहे.

यंदा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव ऑगस्टमध्येच पाठवला, दोन प्रती, एक हातानं नेऊन दिली. सोनी आता सहावीत आहे. तान्हं दीड वर्षाचं झालंय. माझी माय परवा सोनीच्या बापाला स्वतःहून म्हणाली की लेकराला माझ्यापाशी ठेव, मला तेवढाच विरंगुळा. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. मायला भिंत धरून उठावं लागतं आणि हे पोरगं पळतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

ताईची पुढची तपासणी ६ नोव्हेंबरला आहे. बाई डॉक्टरांनी केसपेपरवर तारीख लिहून दिली तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती कुठल्यातरी फडात असणार. मी डॉक्टरांना विचारलं, तारीख पुढं ढकलली तर? त्या म्हणाल्या, एप्रिलपर्यंत नको, रक्त वाढतंय तोवर तपासत राहायला पाहिजे. मग त्यांनीच पॅडवरचा कागद ओढला आणि तिला काय झालं होतं, कोणती औषधं दिली, हिमोग्लोबिन किती होतं, किती झालं, हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली लिहिलं, गर्भाशय काढण्याची गरज नाही, आणि सही-शिक्का मारला. लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या दिल्या.

ताईनं तो कागद मला पुन्हा वाचायला लावला. कोणत्या ओळीत काय लिहिलंय ते बोट ठेवून विचारलं. "पिशवी काढायची न्हाई" असं कुठं लिहिलंय ते तिनं तीनदा विचारलं आणि त्या ओळीच्या कडेला माझ्या पेनानं एक फुली मारून घेतली. मग चार घड्या घालून तो कॅरीबॅगेत ठेवला, सगळ्यात वर, आणि दोन गाठी मारल्या.